फलाहाराचे दोन तराजू

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी एक म्हण गुजरातेत पूर्वापार चालत आलेली आहे. जेवावे ते सुरतेस आणि देह ठेवावा तो काशीस, असा तिचा भाव. मराठी माणसाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० सालांतील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. गुजराती माणसाला मात्र ती आठवते घारीमुळे, उंधियूमुळे आणि हिवाळ्यात तापीकाठी मिळणाऱ्या पोंकामुळे. पोंक म्हणजे आपला कोवळ्या ज्वारीचा हुरडा. खाण्यापिण्याच्या शौकासाठी नाव कमावलेल्या या शहराचा आणि त्याच्या आसपासच्या मुलखाचा संबंध चूल विझवून केवळ फळांवर राहू पाहणाऱ्या माणसांशीही यावा, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

शिजविलेले अन्न सोडावे, केळी, खजूर, द्राक्षे, आंबे अशी गोड फळे खाऊन राहावे, आणि त्याने शरीर हलके व निरोगी होते की नाही ते पाहावे, ही कल्पना आज नवी म्हणून सांगितली जाते. ती नवी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महात्मा गांधी व आचार्य विनोबा भावे यांनी हे प्रयोग स्वतःच्या देहावर केले, त्यांची मापे लिहून ठेवली आणि जेथे प्रयोग फसला तेथे तसे स्पष्ट सांगितले. त्या नोंदी एकत्र ठेवून वाचल्या म्हणजे ध्यानात येते की, गोड फळांचा हा आहार त्यांनी एका तराजूत तोलला नाही, दोन तराजूंत तोलला. एक तराजू देहाचा आणि दुसरा देशाचा. त्यांतील दुसऱ्या तराजूचा आज बहुतेकांस विसर पडला आहे.

फळे खाऊन राहण्याची कल्पना मराठी घराला तशी परकी नाही. ‘फराळ’ हा शब्दच मुळी ‘फलाहार’ या शब्दापासून आला. उपवासाच्या दिवशी धान्य वर्ज्य करून फळांवर राहावे, हा मूळ हेतु. पुढे फळांच्या जागी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याचे पापड आणि शेंगदाण्याचे लाडू आले आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण जन्मास आली. नाव फलाहाराचे राहिले आणि ताटातून फळच निघून गेले. तेव्हा आहारात काय खातो याइतकेच किती खातो आणि कशासाठी खातो हे महत्त्वाचे, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनी विनोदाने का होईना, ओळखलेली होती.

गांधीजींचा पहिला प्रयोग १८९३ सालचा. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे तेवीस वर्षांच्या या बॅरिस्टराने न शिजविलेल्या अन्नावर राहून पाहिले. इंग्लंडमधील शाकाहारी मंडळींत त्या वेळी अशा अन्नाचे मोठे कौतुक होते. प्रयोग थोड्याच दिवसांत सोडावा लागला आणि त्याची हकीकत त्यांनी लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ या पत्रात पुढील वर्षी प्रसिद्ध केली. परंतु कल्पना मनातून गेली नाही. १९१२ साली जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी व त्यांचे जर्मन ज्यू मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले आणि त्यानंतर केवळ फळांवर राहण्याचा निश्चय केला. कच्चे भुईमुगाचे दाणे, केळी, खजूर, लिंबे आणि ऑलिव्हचे तेल हा त्यांचा नेहमीचा आहार. मिळतील त्यांत स्वस्तातली स्वस्त फळे घ्यावयाची, कारण अत्यंत गरीब माणसासारखे जगावयाचे, हा त्यामागचा संकल्प होता. स्वयंपाकाचा खटाटोप जवळजवळ नाहीसा झाला, हा एक लाभ त्यांनी आवर्जून नोंदविला आहे.

या यादीकडे आजच्या आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. केळी आणि खजूर ही शर्करायुक्त फळे. शंभर ग्रॅम केळ्याच्या गरात सुमारे ९० उष्मांक असतात आणि प्रथिन जेमतेम एक ग्रॅम. शंभर ग्रॅम खजुरात उष्मांक पावणेतीनशेच्या वर जातात आणि त्यात साठ ग्रॅमांहून अधिक साखरच असते. या आहाराला खरा आधार होता तो भुईमुगाचा. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिन आणि साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. म्हणजे नाव फळांचे असले तरी देह तगला तो पुष्कळसा शेंगदाण्यांवर. पुढे ज्यांनी केवळ गोड फळे घेतली आणि दाणे वगळले, त्यांना गांधीजींचा अनुभव लागू पडत नाही.

तरीही हा आहार निर्धोक ठरला नाही. १९१४ साली गांधीजी लंडनला गेले. शेंगदाणे, पिकलेली व कच्ची केळी, लिंबे, टोमॅटो, द्राक्षे एवढ्यावर ते तेथे राहत. दूध, धान्य आणि डाळी वर्ज्य होत्या. त्या थंड हवेत त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. त्यांच्यावर उपचार करीत होते डॉ. जीवराज मेहता, जे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. दूध व धान्य घ्यावे असा डॉक्टरांचा आग्रह होता. ही गोष्ट नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कानी गेली. ते त्या वेळी लंडनमध्येच होते. गोखल्यांना या फलाहाराच्या तत्त्वज्ञानाविषयी फारसा आदर नव्हता. डॉक्टर सांगतील ते घ्यावे, असा त्यांचा आग्रह पडला. ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांचा शब्द मोडणे गांधीजींना जड गेले. त्यांनी चोवीस तासांची मुदत मागितली, रात्रभर विचार केला आणि शेवटी फळांचा हट्ट सोडण्याची तयारी दाखविली. दुधाचा निषेध मात्र सोडला नाही. एका मराठी गुरूच्या मायेने फलाहाराच्या व्रताला पडलेली ही पहिली मोठी चीर होय.

याच सुमारास बडोद्यास एक मराठी विद्यार्थी कॉलेजात शिकत होता. त्याचे नाव विनायक नरहर भावे. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला. गाडी सुरत स्टेशनात थांबली आणि तो खाली उतरला. परीक्षा, पदवी आणि घर ही तिन्ही त्या फलाटावर मागे राहिली. सुरतेहून भुसावळच्या वाटेने तो काशीस गेला. सुरतेचे जेवण त्याला नको होते आणि काशीचे मरणही नको होते, ब्रह्माचा शोध हवा होता. काशीस असताना गांधीजींच्या भाषणाचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. विनोबा हे नाव त्याला मिळाले ते तेथे.

१९१७ साली विनोबांनी आश्रमातून एका वर्षाची रजा घेतली आणि ते वाईस गेले. कृष्णाकाठच्या त्या गावी नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य यांचा अभ्यास केला. १९१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधीजींना जे पत्र पाठविले त्यात अभ्यासाबरोबर आहाराचाही चोख हिशेब आहे. प्रकृतीसाठी आरंभी दहाबारा मैल चालणे, नंतर सहा ते आठ शेर दळण आणि पुढे रोज तीनशे सूर्यनमस्कार, हा त्यांचा व्यायाम. मसाले सोडले होते आणि काही महिन्यांनी मीठही सोडले. एक महिना त्यांनी केवळ केळी, दूध आणि लिंबू यांवर काढून पाहिला. परंतु शक्ती कमी झाली आणि तो प्रयोग त्यांनी थांबविला. मग नेहमीचा आहार ठरला तो असा: दूध साठ तोळे, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, केळी चार-पाच आणि मिळाल्यास एक लिंबू.

हा हिशेब आजच्या मापात मांडून पाहण्यासारखा आहे. वीस तोळे ज्वारी म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. तिच्यातून आठशेच्या आसपास उष्मांक मिळतात. साठ तोळे दुधाचे पावणेपाचशे धरावे आणि केळ्यांचे चारशे. एकूण सतराशेच्या आतबाहेर. रोज दळणारा आणि तीनशे नमस्कार घालणारा तरुण एवढ्यावर राहत होता, हेच नवल. आता यातून दोन भाकरी काढून टाकल्या तर जवळजवळ अर्धी शक्ती जाते. ती केळ्यांनी भरून काढावयाची म्हटल्यास रोज आणखी नऊ केळी खावी लागतील. एवढी केळी पोटात मावणे कठीण आणि १९१८ साली वाईच्या बाजारात रोज तेवढी विकत घेणे त्याहून कठीण. फळांवर राहणाऱ्याचे वजन प्रारंभी उतरते याचे रहस्य येथे आहे. फळात काही गूढ गुण असतो म्हणून ते उतरत नाही. फळात पाणी व चोथा पुष्कळ, त्यामुळे पोट लवकर भरते आणि शक्ती मात्र कमी मिळते. उतरलेल्या वजनात नुसती चरबीच असते असे नाही. प्रथिन अपुरे पडले तर स्नायूही झिजतात. विनोबांनी ही परिभाषा वापरली नाही. त्यांनी ‘अशक्तता आली’ एवढेच लिहिले आणि भाकरीकडे ते परतले. ज्या भाकरीवर सातारा जिल्ह्यातील शेतकरी राहत होता, तिच्याकडे परतण्यात त्यांना पराभव वाटला नाही.

त्याच वर्षी गांधीजींनाही कठीण परीक्षेतून जावे लागले. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडताना ते शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर राहत. त्यातून अतिसाराचा असा विकार जडला की, आता देह राहत नाही असे त्यांना वाटू लागले. मुंबईच्या डॉ. दलालांनी दुधावाचून शक्ती येणार नाही असे सांगितले. दूध न घेण्याची प्रतिज्ञा आड आली. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली की, प्रतिज्ञा घेताना गाय व म्हैस मनात होती, शेळी नव्हती. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि ते जगले. शब्द पाळला पण त्यातील भावना मोडली, ही रुखरुख त्यांनी आत्मकथेत लपविली नाही. पुढे १९२९ साली साबरमतीस त्यांनी पुन्हा एकदा अग्नीचा स्पर्श न झालेले अन्न घेऊन पाहिले. या वेळी गोड फळे जवळजवळ नव्हती. मोड आलेले गहू आठ तोळे, वाटलेले बदाम आठ तोळे, वाटलेला पाला आठ तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध असा तो आहार. गव्हाऐवजी अधूनमधून मोडाचे हरभरे असत. काही आठवडे उत्साहात गेले आणि पावसाळ्यात आमांशाने पुन्हा गाठले. प्रयोग स्थगित झाल्याची वार्ता त्यांनी आपल्या पत्रातून वाचकांना स्वतःच दिली.

येथपर्यंत देहाचा तराजू झाला. दुसरा तराजू पुढे आला तो १९३० साली, सुरत जिल्ह्यात.

१२ मार्च रोजी गांधीजी अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांसह साबरमतीहून दांडीकडे निघाले. त्यांत आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते आणि महाराष्ट्रातील इतर मंडळीही होती. वाटेतील गावांनी या तुकडीला काय खाऊ घालावे याची सूचना गांधीजींनी आधीच छापून दिली होती. सकाळी राब आणि ढेबरे, दुपारी भाकरी, भाजी व दूध किंवा ताक, संध्याकाळी निघण्यापूर्वी भाजलेले हरभरे व कुरमुरे, रात्री खिचडी. तूप माणशी तीन तोळ्यांवर नको. भाजी नुसती उकडलेली, तेल-तिखट नको आणि पक्वान्ने तर मुळीच नकोत. स्वतःसाठी त्यांनी वेगळी मागणी लिहिली होती. शेळीचे दूध मिळाल्यास तीन वेळा, बेदाणे किंवा खजूर आणि तीन लिंबे. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी दिवसाकाठी पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे व्रत घेतले होते. त्या व्रतात ही मागणी बरोबर बसत होती.

वाचताना ही यादी अगदी साधी वाटते. परंतु ती अमलात कशी आली ते २९ मार्चच्या रात्री ओलपाड तालुक्यातील भाटगामला उघड झाले. सुरत शहर तेथून दूर नव्हते. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारलॉरीने दूध आणण्यात आले होते. खर्चाच्या इतरही बाबी अशा होत्या की, त्यांचे समर्थन करता येईना. रात्रीच्या वाटचालीत उजेड हवा म्हणून एक मजूर डोक्यावर जड दिवा घेऊन चालत होता आणि त्याने भरभर चालावे म्हणून त्याला टोचणी देण्यात येत होती. ते दृश्य गांधीजींना सहन झाले नाही. त्यांनी वेग वाढविला, तर त्या मजुराला त्यांच्यामागे पळविण्यात आले. भाटगामच्या सभेत त्यांनी सरकारवर टीका करण्याऐवजी स्वतःची आणि आपल्या माणसांची झाडाझडती घेतली. २ मार्चच्या पत्रात त्यांनी व्हाइसरॉयला लिहिले होते की, त्याचा पगार महिना एकवीस हजार रुपये, म्हणजे रोजचे सातशेहून अधिक, आणि सामान्य हिंदी माणसाचे उत्पन्न रोजचे दोन आण्यांहूनही कमी. आता भाटगामला त्यांनी तोच हिशेब आपल्यावर लावला. सरासरी माणसाच्या पन्नासपट खर्च जर आमच्यावर होत असेल तर व्हाइसरॉयला पाच हजारपटीबद्दल जाब विचारण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दरिद्री देशात ऐपतीबाहेरचे खाणे म्हणजे चोरीचे खाणे, एवढ्या कठोर शब्दांत त्यांनी निवाडा केला.

या भाषणाचे महत्त्व मिठाच्या सत्याग्रहाच्या इतिहासात आहेच, पण आहाराच्या इतिहासातही आहे. टॉलस्टॉय फार्मवर फलाहार सुरू झाला तो गरिबासारखे जगण्यासाठी. आफ्रिकेत केळी व दाणे स्वस्त होते, म्हणून तो संकल्प तेथे खरा होता. हिंदुस्थानच्या खेड्यात दूरवरून आणलेला खजूर, हंगाम नसता मागविलेली फळे आणि लॉरीने आणलेले दूध यांनी तोच आहार महाग होतो, आणि साधेपणाच्या नावाखाली दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे वाढते. अन्न तेच, पण ठिकाण बदलले की त्याचा अर्थ बदलतो. भाटगामहून यात्रा १ एप्रिलला सुरतेस आणि ५ एप्रिलला दांडीस पोचली. दांडी त्या वेळी सुरत जिल्ह्याच्या जलालपूर तालुक्यात होती. आज ती नवसारी जिल्ह्यात आहे. ४ मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास जवळच्या कराडी गावी गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्यास येरवड्याच्या तुरुंगात आणण्यात आले.

येरवड्याचा पुढचा, १९३२ सालचा, एक प्रसंग महादेवभाई देसाई यांच्या रोजनिशीमुळे सर्वश्रुत झाला आहे. सरदार वल्लभभाई पटेल हे सुरत जिल्ह्यातील बारडोलीच्या लढ्याने देशभर गाजलेले. तुरुंगात मात्र त्यांनी गांधीजींचा खजूर धुऊन भिजत घालण्याचे काम आपल्याकडे घेतले होते. किती घालू, असे त्यांनी विचारले. पंधरा, असे उत्तर आले. पंधरात आणि विसात असा काय फरक, म्हणून सरदारांनी प्रेमाने पाच वाढवू पाहिले. तर मग दहाच घाला, कारण दहात आणि पंधरात तरी काय फरक, असे गांधीजी म्हणाले. हा विनोद नुसता विनोद नाही. पंधरा खजूर म्हटले तरी आकाराप्रमाणे अडीचशे-तीनशे उष्मांक होतात. गोड फळ पौष्टिक आहे म्हणून त्याला मोजमाप नको, हा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला येरवड्याच्या त्या उत्तराने कायमचे उत्तर दिले आहे.

मोजमाप दुसऱ्या बाजूनेही हवे असते. शरीर कमीत कमी किती अन्नावर चालेल याची कसोटी पाहता पाहता विनोबा पुष्कळ खाली गेले. वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी सूतकताईच्या मजुरीत जेवढे मिळेल तेवढ्यात जेवण भागविण्याचा प्रयोग चालविला होता. १९३८ साली त्यांचे वजन अवघे ८८ पौंडांवर आले. मित्रांना चिंता वाटू लागली. गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास सांगितले. विनोबांनी पाच मैलांवरचे, धाम नदीकाठचे पवनार पसंत केले. तेथे त्यांनी मनातील सर्व चिंता बाजूस सारल्या आणि शेतात खणण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी काही मिनिटे, मग हळूहळू वाढवीत दोन तासांपर्यंत. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेले. गांधीजींचे वजन मात्र कमीच राहिले. १९३९ सालच्या नोंदीत ते ४६.७ किलो आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला हे वजन आजच्या मापाने कमी भरते. त्यांना ते पेलले याचा अर्थ ते सर्वांनी अनुकरणीय मानावे असा नव्हे, आणि खुद्द त्यांनीही तसे सांगितले नाही.

१९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना गांधीजींनी आरोग्याविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. बैठे काम करणाऱ्या माणसासाठी त्यात रोजचा आहार सांगितला आहे. गाईचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस. आणि फळे? ती आपल्या आवडीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे. एकेकाळी ज्या फळांवर सगळा देह टेकला होता, ती आता यादीच्या शेवटी आली, आणि आवडीच्या शेजारी ऐपत हा शब्द आला. तीस वर्षांच्या प्रयोगांचे सार एवढ्यात आहे. दुधाला वनस्पतींतून पर्याय सापडला पाहिजे ही त्यांची तळमळ शेवटपर्यंत राहिली; तो आपल्याला सापडला नाही हेही त्यांनी मान्य केले. दुधात असलेले आणि वनस्पतींत नसलेले ब-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे काढले ते १९४८ साली, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी.

या इतिहासाचा शेवटचा दुवा पुन्हा सुरतेकडून महाराष्ट्राकडे येतो. पुण्यास टोडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचारगृह होते. आज त्या जागी राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. गांधीजी तेथे अनेकदा राहिले. परंतु तेथील उपचार सधनांना परवडणारे होते. गरिबांसाठी निसर्गोपचार करावयाचा तर तो शहरात होणार नाही, खेड्यात गेले पाहिजे, असे त्यांना १९४६ साली दिसून आले. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आठवडाभर राहिले आणि तेथे आश्रम सुरू झाला. तो चालविण्याचे काम ज्या तरुणाने आयुष्यभरासाठी पत्करले, तो मणिभाई देसाई सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचा. उरुळीत आलेल्या रोग्यांना पथ्य सांगता सांगता मणिभाईंच्या ध्यानात आले की, ज्याच्या घरी पुरेसे अन्नच नाही त्याला आहाराचा उपदेश करून उपयोग नाही. त्यांनी शेती आणि गोपालन हाती घेतले. १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली, आणि तिने संकरित गाईंच्या द्वारे लहान शेतकऱ्याच्या दारात दूध आणले. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फलाहारापासून निघालेली वाट अशा रीतीने गरिबाच्या गोठ्यापाशी येऊन पोचली.

आजचा काळ वेगळा आहे. सुरत आणि नवसारीच्या पट्ट्यात केळी, चिकू आणि आंबे यांच्या बागा आहेत, बारडोलीला उसाचा साखर कारखाना आहे, आणि शहरी माणसापुढचा प्रश्न कमी वजनाचा नसून बहुधा वाढत्या वजनाचा आहे. गोड फळांत साखर असते म्हणून ती टाकावी की नाही, असे पुष्कळ लोक विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मर्यादा सांगितली तीत अख्ख्या फळातील साखर धरलेली नाही. फळांचा रस आणि मध यांतील साखर मात्र धरलेली आहे. याचे कारण उघड आहे. अख्खे फळ चावून खावे लागते, त्याचा चोथा पोट भरतो आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. चार संत्र्यांचा रस एका घोटात जातो. चार संत्री सोलून खाणारा दुसऱ्यालाच थांबतो. वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्याने फळाला भ्यावे असे नाही. पण भाकरी, डाळ, पालेभाजी आणि दूध यांना रजा देऊन फळालाच सर्वस्व मानू नये. वाईच्या त्या एका महिन्याने हेच सांगितले होते. मधुमेहासारखा विकार असणाऱ्याने तर असे प्रयोग वैद्याच्या सल्ल्यावाचून करूच नयेत.

देहाच्या तराजूचे उत्तर असे सापडते आणि ते आता शास्त्रानेही पक्के केले आहे. दुसऱ्या तराजूचे उत्तर मात्र प्रत्येकाला आपल्या ताटाकडे पाहून शोधावे लागते. परदेशातून विमानाने आलेले फळ आरोग्यासाठी म्हणून विकत घेताना, आपल्या गावच्या बाजारात टोपलीत पडून राहिलेले पेरू, केळी आणि बोरे दिसत नाहीत, असे पुष्कळदा होते. भाटगामच्या रात्री डोक्यावर दिवा घेऊन धावणाऱ्या मजुराचे नाव इतिहासाने नोंदविलेले नाही. पण साधेपणाच्या नावाने होणाऱ्या चैनीचे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर जाते, हे त्याच्याकडे पाहून एका माणसाला उमगले होते, आणि त्याने ते भर सभेत कबूल केले होते.